‘भिऊ नको’ हा हुकूम नव्हे

"भीती वाटते म्हणजे विश्वास कमी पडतोय." गेल्या काही वर्षांत हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय, की आता समोरच्याने तोंड उघडायच्या आतच मला ते ऐकू येतं. प्रेमाने म्हणतात सगळे. डोक्यावर हात ठेवून म्हणतात, खिचडीचा डबा घेऊन येतात आणि निघताना दारात चपला घालता घालता म्हणतात. खिचडी चांगली असते, त्यामुळे भांडताही येत नाही :) पण आज या वाक्याशी एकदाचं भांडून घ्यायचं ठरवलंय. घरचे बरेच जण इथे वाचतात हे मला माहीत आहे (मावशी, तू नातवाला जवळ बसवून वाचून घेतेस हेही माहीत आहे). तेव्हा आधीच सांगते, राग माणसांवर नाही. त्या वाक्यावर आहे, आणि तो बराच आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 2018 साली मला स्तनाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं रीतसर झालं. त्याबद्दल लिहीत बसत नाही, पुष्कळांनी पुष्कळ लिहिलंय. लोकांना वाटतं अवघड काय ते तेवढंच. तसं नाही हो. तेव्हा हातात काम असतं. आज रक्ततपासणी, उद्या सलाईन, परवा दिवसभर उलट्या. खरं अवघड नंतर सुरू होतं, ‘सुटलीस बाई एकदाची’ म्हणून सगळे आपापल्या घरी गेल्यावर. पाठ भरून आली की वाटतं, हाडात गेला. खोकला आठवडाभर रेंगाळला की वाटतं, फुप्फुसात गेला. डोकं दुखलं तर विचारूच नका. आणि यातला विनोद असा, की तो परत येऊ नये म्हणून मी लेट्रोझोलची जी गोळी रोज घेते, तिचा नेहमीचा त्रास म्हणजे सांधे आणि हाडं दुखणं! आजार अडवणारी गोळीच रोज सकाळी उठून आजाराची नक्कल करून दाखवते.

ही भीती म्हणजे मनाचे खेळ नव्हेत. 2017 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक मोठा अभ्यास छापून आला. हार्मोनवर पोसणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरमधून गेलेल्या, पाच वर्षं गोळ्या पूर्ण केलेल्या आणि तोवर ठणठणीत असलेल्या बायकांचा तो अभ्यास होता. पाचव्या वर्षापासून विसाव्या वर्षापर्यंत आजार शरीरात दुसरीकडे कुठे उगवण्याचं प्रमाण 10 टक्क्यांपासून 41 टक्क्यांपर्यंत निघालं. मूळ गाठ केवढी होती, काखेतल्या किती गाठींत ती पसरली होती, यावर ते ठरतं. म्हणजे ‘पाच वर्षं झाली की सुटलो’ ही आपल्याकडची समजूत निदान या जातीच्या कॅन्सरला लागू पडत नाही. माझ्या डॉक्टरबाई ‘बरी झालीस’ असं कधीच म्हणत नाहीत. त्या म्हणतात, "आज आजाराचा पुरावा नाही." सुरुवातीला मला हे बोलणं फार कंजूष वाटायचं. आता वाटतं, इतकं मोजून बोलणारं कुणी चर्चमध्येही असतं तर किती बरं झालं असतं.

तर आता चर्चकडे वळू. आमच्या मंडळीत (इतर वाचकांसाठी : मंडळी म्हणजे चर्चचे सभासद, ‘काय मंडळी’ मधली नव्हे) साक्ष देण्याची पद्धत आहे. देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते उपासनेत उभं राहून चारचौघांना सांगायचं. सुंदर पद्धत आहे. माझी आजी नगरच्या चर्चमध्ये साक्ष द्यायची तेव्हा दुष्काळ, सावकार, मेलेली म्हैस असं सगळं त्यात यायचं आणि शेवट गोड असायलाच पाहिजे असं काही नसायचं. हल्ली साक्षीचा साचा ठरून गेलाय. आजार, प्रार्थना, चमत्कार, टाळ्या. 2023 साली माझ्या आजाराला पाच वर्षं झाली तेव्हा मला निरोप आला की आभारप्रदर्शनाच्या उपासनेत साक्ष दे. मी चार वाक्यं लिहून दिली. आज आजाराचा पुरावा नाही. उद्याचं मला माहीत नाही. मला भीती वाटते. आणि मी देवाच्या हातात आहे. उत्तर आलं, पहिलं आणि शेवटचं वाक्य छान आहे, मधली दोन काढा. त्यांना म्हटलं, मधली दोन काढली तर शेवटच्याची गरजच काय? ज्याला उद्याचं सगळं माहीत आहे त्याने देवाच्या हातात कशाला जायचं? साक्ष राहिली ती राहिलीच.

एवढ्यावर असतं तर मी लिहिलंही नसतं. पण ओळखीतल्या एका बाईंचं सांगते. नावगाव सांगत नाही, त्यांच्या मुलीला विचारून लिहितेय. माझ्यासारखाच आजार, माझ्यासारखेच उपचार. त्यांनी एका मोठ्या सभेत साक्ष दिली की प्रभूने मला पूर्ण बरं केलं. त्याचा व्हिडिओ नातेवाइकांत, मंडळ्यांत, पार दुबईपर्यंत फिरला. पुढे दीड वर्षाने त्यांच्या गळ्याच्या हाडापाशी गाठ लागली. चार महिने त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. मरणाची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती ही, की आता माझ्यामुळे देव खोटा पडेल. त्या मुलीला म्हणाल्या, "लोक म्हणतील हिचाच विश्वास ढळला." आता उपचार चालू आहेत. त्या चार महिन्यांनी आजारात नेमका किती फरक पडला ते मी सांगू शकत नाही. पण चार महिने ती बाई ती गाठ घेऊन एकटी होती. भरल्या घरात, भरल्या चर्चमध्ये एकटी. याला तुम्ही विश्वास म्हणता?

ही शिकवण आपल्या मातीतली नाही, हेही सांगून टाकते. ‘तोंडाने म्हणाल तसं होईल, लक्षणं दिसली तरी मानू नका, बरे झालात असं आधीच जाहीर करा’ हा सगळा प्रकार विसाव्या शतकातल्या अमेरिकेतून आला. ई. डब्ल्यू. केनियन आणि त्यांच्यानंतर केनेथ हेगिन या उपदेशकांनी तो रुजवला, मग कॅसेटी, टीव्ही, आता मोबाइल, असा आमच्या दारापर्यंत पोचला. या पंथाचा इतिहास केट बोलर नावाच्या संशोधक बाईंनी 2013 साली पुस्तकरूपाने लिहिला. आणि पुढे काय व्हावं? 2015 साली, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्यांनाच आतड्याचा चौथ्या टप्प्याचा कॅन्सर निघाला. ज्या वाक्यांवर इतकी वर्षं संशोधन केलं तीच वाक्यं सांत्वन म्हणून त्यांच्या खाटेपाशी येऊ लागली. त्यांनी 2018 साली त्यावर दुसरं पुस्तक लिहिलं, अतिशय प्रेमळ आणि अतिशय चिडलेलं. त्या अजून ख्रिस्ती आहेत. मला हे महत्त्वाचं वाटतं.

आता पवित्र शास्त्राकडे येते, कारण माझ्यावर पहिला दगड तिथूनच येणार आहे.

‘भिऊ नको’ हे बायबलमध्ये किती वेळा येतं, हे मला अनेकांनी ऐकवलंय. येतंच की. पण ते कोण कुणाला म्हणतं ते बघा ना. मरीयेला, रात्री शेतात राखण करणाऱ्या मेंढपाळांना, म्हणजे जे आधीच घाबरलेत त्यांना देवदूत म्हणतो. ‘घाबरलात कसे, विश्वास कुठे गेला’ असं त्या मेंढपाळांना कुणी दटावत नाही. त्यांना लगेच पुढची बातमी सांगितली जाते. रात्री लाइट गेल्यावर आई पोराला ‘घाबरू नको, मी आहे’ म्हणते, तेव्हा ती काय नियम सांगत असते का? महाराष्ट्रात निम्म्या रिक्षांच्या मागे अक्कलकोटच्या स्वामींचं याच अर्थाचं आश्वासन रंगवलेलं असतं. ते वाचून कुठल्याही रिक्षावाल्याला ‘आपण भ्यायलो म्हणजे गुन्हा केला’ असं वाटत नसावं. मराठीत आज्ञार्थ आहे म्हणून ती आज्ञाच असते असं नाही. ‘जेव रे बाबा’ हाही आज्ञार्थच आहे.

दुसरं, फिलिप्पैकरांस पत्र, चौथा अध्याय. चिंता करू नका असं पौल लिहितो तो. हा तर माझ्या उशाशी फ्रेम करून ठेवायला दिला होता एकांनी. मान्य. पण त्याच पत्राचा दुसरा अध्याय कुणी वाचलाय का? त्यात एपफ्रदीत नावाचा त्याचा सोबती आजारी पडून मरणाच्या दारात गेला होता, ते पौल सांगतो. देवाने दया केली, नाहीतर माझ्यावर दुःखावर दुःख कोसळलं असतं, असं उघड लिहितो, आणि त्याला परत पाठवतोय म्हणजे माझाही जीव थोडा हलका होईल, असंही. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तर सगळ्या मंडळ्यांची काळजी रोज माझ्यावर असते असं तो सरळ कबूल करतो. चिंता करू नका म्हणणारा माणूस स्वतः चिंतेच्या गावचा रहिवासी होता. म्हणूनच त्याचं मी ऐकते. फ्रेमवाल्यांचं नाही.

आणि गेथशेमाने बाग? तिथे येशू स्वतः जमिनीवर पडून हा प्याला टळू दे अशी विनवणी करतो, घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडतो असं लूक लिहितो. त्या रात्री त्याच्या विश्वासात काही कमी होतं, असं म्हणायची कुणाची छाती आहे? स्तोत्रसंहितेतलं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र काळोखातच संपतं. शेवटी उजेड नाही, आभार नाहीत, काही नाही. ज्यांनी ही स्तोत्रं जपली त्यांनी त्याला गोड शेवट चिकटवला नाही. आमच्या आभारप्रदर्शन कमिटीकडे ते आलं असतं तर काय झालं असतं, याची कल्पना करून मला अधूनमधून हसू येतं.

‘पण प्रभूने स्वतःच म्हटलंय ना, तुझ्या विश्वासाने तुला बरं केलं?’ हो, म्हटलंय. हा आक्षेप खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. रक्तस्राव होणाऱ्या बाईला म्हटलंय, आंधळ्या बार्तीमयाला म्हटलंय. पण सगळ्यांना म्हटलेलं नाही. छप्पर उसकटून ज्या पक्षाघाती माणसाला खाली सोडलं, त्याच्या बाबतीत येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला असं मार्क लिहितो, म्हणजे वर घेऊन जाणाऱ्या दोस्तांचासुद्धा. बेथेस्दाच्या तळ्याकाठच्या आजाऱ्याला आपल्याला बरं करणारा कोण, हेही ठाऊक नव्हतं. आणि मला सगळ्यात जवळचा वाटतो तो फेफरं येणाऱ्या मुलाचा बाप. तो एका दमात दोन्ही सांगून मोकळा होतो, विश्वास आहे आणि विश्वास कमी पडतोय, मदत कर. त्याचा मुलगा बरा झाला. त्याला कुणी पहिलं वाक्य ठेवून दुसरं काढायला सांगितलं नाही. उलट पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली आणि तो निघाला नाही. पौलाचा विश्वास कमी होता म्हणायचं का?

चमत्कार होत नाहीत असं माझं म्हणणं नाही. होत असतील, झालेही असतील, मी कोण ठरवणारी? माझं म्हणणं एवढंच, की चमत्काराची पावती आजाऱ्याच्या विश्वासाच्या नावे फाडू नका. कारण मग आजार परत आला की बिलही त्याच्याच नावे फाटतं.

सी. एस. लुईस हे नाव बऱ्याच जणांना माहीत असेल, ‘नार्निया’वाले. त्यांच्या पत्नी जॉय डेव्हिडमन यांना 1956 साली कॅन्सर निघाला, हाडात पसरलेला. मार्च 1957 मध्ये इस्पितळाच्या खाटेवरच पीटर बाइड या पाळकाने त्यांचा धार्मिक विवाह लावला आणि डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. बाई चक्क सुधारल्या, चालू लागल्या. साक्षीसाठी याहून उत्तम मसाला कुठला? पण ऑक्टोबर 1959 मध्ये आजार परतला. त्यानंतर एप्रिल 1960 मध्ये दोघं ग्रीसला फिरून आली, कारण तिची फार इच्छा होती. 13 जुलै 1960 ला ती गेली. लुईसने त्यानंतर लिहिलेलं टिपण 1961 मध्ये टोपणनावाने छापलं, त्यात देवावर इतका राग आहे की आमच्याकडे कुणी ते व्यासपीठावरून वाचू देणार नाही. मधली ती दोन-अडीच वर्षं खोटी होती का? ग्रीस खोटं होतं का? मला तर त्या सगळ्या कहाणीत आजार परतल्यावर बॅग भरणारी ती बाईच सगळ्यात जास्त विश्वासू वाटते.

औषधांबद्दल एकच परिच्छेद लिहिते, कारण एका ब्रदरनी (जाऊ दे, नाव नको) मला प्रेमाने विचारलं होतं, "ताई, गोळी अजून चालू आहे? मग विश्वास कशावर आहे?" दादा, हिज्कीया राजा मरणाच्या दारात असताना देवाने त्याला आणखी पंधरा वर्षं दिली. आणि ती बातमी घेऊन येणारा यशया संदेष्टा काय सांगतो? अंजिरांचं पोटीस करून गळवावर बांधा! वचनही देवाचं आणि लेपही देवाचाच. पौल तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, आणि त्रफिमाला मिलेताला आजारी ठेवून पुढे जातो. ज्या मिशनऱ्यांच्या नावाने आपण वर्धापनदिन साजरे करतो त्यांनी 1894 साली मिरजेला इस्पितळ काढलं, डॉक्टर वानलेस यांनी. वेल्लोरला आयडा स्कडर बाईंनी 1900 साली एका खाटेवर सुरुवात केली. प्रार्थना पुरेशी वाटत नव्हती म्हणून त्यांनी इस्पितळं काढली की काय? माझ्या मते तर प्रार्थना करत होते म्हणूनच काढली. (आणि हिज्कीयाबद्दल मला नेहमी एक वाटतं, पंधरा हा आकडा कळल्यावर तो बिचारा चौदाव्या वर्षी कसा झोपत असेल? मला आकडा कळलेला नाही, हे एका परीने बरंच आहे.)

माझे चर्चबाहेरचे ब्लॉगर मित्र इथवर वाचून मनात म्हणत असतील, बघा, हे धर्माचं असंच असतं. थांबा! ‘पॉझिटिव्ह राहा, निगेटिव्ह विचारांनी आजार परत येतो’ असं मला किती जणांनी सांगितलं याची यादी काढू का? ते याच शिकवणीचं देव वगळून केलेलं रूप आहे. बार्बरा एरेनराइक या नास्तिक लेखिकेने स्तनाच्या कॅन्सरमधून गेल्यावर 2009 साली या सक्तीच्या हसऱ्या चेहऱ्यावर आख्खं पुस्तक लिहिलंय. आणि भीतीवर खरोखर काम करणारे लोक काय करतात? ऑस्ट्रेलियात कॅन्सर परतण्याच्या भीतीवरच्या एका उपचारपद्धतीची चाचणी झाली, 2017 साली ती प्रसिद्ध झाली, भीती कमी झाल्याचं दिसलं. त्यात भीती पुसून टाकायचा प्रयत्न नव्हता. तिच्यावरून लक्ष कसं सोडवायचं, कुठल्या लक्षणाला डॉक्टर गाठायचा आणि कुठल्याला नाही, आणि आयुष्यात महत्त्वाचं काय, याचा सराव होता. मला तर ते वाचताना उपवासकाळातली शिकवण आठवली.

मग माझा विश्वास मला नेमका कशाला उपयोगी पडतो, असं एका मैत्रिणीने विचारलं होतं. सरळ सांगते. पहाटे तीन वाजता, बरगडीत काहीतरी टोचल्यावर, ‘मला भीती वाटते’ हे मी नवऱ्याला सांगितलं तर तो घाबरतो. उठून बसतो, पाणी आणतो, मग मला त्याला समजवावं लागतं. मुलीला सांगितलं तर ती सकाळपर्यंत इंटरनेट पालथं घालते. देवाला सांगितलं तर त्याचं बीपी वाढत नाही. तो वाक्य दुरुस्त करत नाही, लगेच उपाय सुचवत नाही, खिचडीही आणत नाही :) त्याच्यासमोर शूर दिसायची गरज नाही, आणि माझ्यासाठी तोच विश्वास आहे. तो आजार परत येणार नाही याची हमी देत नाही. आला तर मी कुणाची, हे मात्र ठरवून टाकतो. मग मी कूस बदलते. दोन आठवडे टिकलं तर डॉक्टरबाईंना फोन करायचा हा नियम, आजचं दुःख आजला पुरे हे डोंगरावरचं प्रवचन, आणि रात्रीची गोळी, हे तिन्ही माझ्याकडे एकाच खणात असतात.

पाळकसाहेबांपुढे मी एक प्रस्ताव ठेवलाय. ज्यांचा आजार परत आलाय, जे रिपोर्टची वाट बघतायत, ज्यांना उद्याचं ठाऊक नाही, त्यांच्यासाठी महिन्यातून एक प्रार्थना ठेवा आणि तिथे साक्ष मागू नका. माणूस चांगला आहे, ऐकून घेतलं, म्हणाले कमिटीपुढे ठेवतो. कमिटीची बैठक आतापर्यंत दोनदा पुढे गेली. तोवर दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही माझ्याच घरी बसतो, सध्या चौघी जणी. त्या बाईही येतात, केमोच्या आठवड्यात नाही जमत त्यांना. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र आम्ही गेल्या वेळी मोठ्याने वाचलं, आणि वाचून झाल्यावर बराच वेळ कुणीच काही बोललं नाही, मग एकीने चहात साखर कमी असल्याची तक्रार केली. नगर-पुण्याकडच्या कुणाला यायचं असेल तर मला कळवा.